चोरी पुतण्याची, मार दुसऱ्याच्या पोराला, आणि घरचे म्हणतात क्षमा करा

सलाम ताई,

तुमचं पत्र मिळालं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात इथे देतेय, म्हणजे वाचणाऱ्यांना विषय कळेल.

"मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात स्टॉक लिहायला आहे. मागच्या आठवड्यात गोडाऊनमध्ये तीन गठ्ठे कमी भरले, मालकांनी पोलिसांत तक्रार दिली. पॅकिंगला एक हेल्पर पोरगा आहे, सेटलमेंटकडचा, सगळ्यांचा संशय त्याच्यावर गेला. त्याला दोनदा चौकीत बोलावून दिवसभर बसवून ठेवलं, दुसऱ्या वेळी परत आला तेव्हा गाल सुजलेला होता. परवा मी जाऊबाईकडे गेले तर खाटेखाली तेच गठ्ठे, वरून जुनी चादर टाकलेली. चिठ्ठीवर लॉट नंबर माझ्याच अक्षरात. पुतण्या वीस वर्षांचा आहे, ट्रान्सपोर्टच्या टेम्पोवर असतो, आमच्याकडे माल उचलायला तोच येतो. जाऊबाई रडायला लागली, म्हणाली पोलीस भरतीची तयारी चाललीय, पोराचं आयुष्य बरबाद होईल, आणि त्या दुसऱ्याचं काय एवढं, त्यांच्यात हे चालतंच. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले क्षमा करा, भावाला जगाच्या कोर्टात नेऊ नका. चर्चच्या मंडळीतले एक हवालदार आहेत, ते म्हणाले मी मिटवतो, थोडे पैसे लागतील. मिस्टर म्हणतात तू यात पडूच नको. मला झोप नाही. काय करू?"

आधी उत्तर देते, कारणं नंतर. उद्या कामावर गेलात की मालकांना केबिनमध्ये एकट्यांना भेटा आणि सांगा की साहेब, तो पोरगा नाही, मला पक्की खात्री आहे, कोण आहे ते मी दोन दिवसांत सांगते, पण तोपर्यंत त्याला चौकीत पाठवू नका आणि तपास करणाऱ्या साहेबांनाही तुम्ही स्वतः फोन करून हे कळवा. मालक चिडतील, कोण ते आत्ताच सांग म्हणतील, तुमच्यावरही संशय घेतील कदाचित. घेऊ देत. तुमच्याकडे संशय सहन करायला घर आहे, नवरा आहे, त्या कारखान्यात काढलेली वर्षं आहेत, त्या पोराकडे यातलं काय आहे मला माहीत नाही पण सुजलेला गाल आहे एवढं तुम्हीच लिहिलंय. मग त्याच संध्याकाळी दिराच्या घरी जायचं, त्याबद्दल खाली सांगते.

आता पाळकसाहेबांचं बोलणं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच म्हणते, त्यांनी वचन बरोबर सांगितलं पण ते या ठिकाणी बसत नाही. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल जे म्हणतो ते मंडळीतल्या दोन भावांच्या आपसातल्या व्यवहाराबद्दल आहे, एकमेकांवर खटले घालून बाहेर तमाशा करू नका म्हणून. इथे ज्याचा माल गेला तो मालक आपल्या मंडळीत नाही, ज्याला मार बसला तो पोरगा पण नाही, मग भाऊ-भाऊ हा विषय आला कुठून? आणि तिथेच पुढे सातव्या वचनात पौल विचारतो की त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, नुकसान का सोसत नाही. म्हणजे सोसायचं असेल तर आपण स्वतः सोसायचं. तुमच्या घरचं गणित काय झालंय बघा, क्षमा आपण करायची आणि सोसायचं तिसऱ्याने, ज्याला या क्षमेबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

टॉवेल तुमचे नव्हते, थप्पड तुम्हाला बसली नाही. तुम्ही पुतण्याला क्षमा करताय म्हणजे नेमकी कसली करताय? फार तर त्याने घराचं नाव खराब केलं त्याची करा, तेवढी तुमच्या हातात आहे. बाकीची दोन माणसं वेगळी आहेत आणि त्यांना अजून काही माहीतच नाही.

जुन्या करारात याबद्दल फार स्पष्ट लिहिलंय, आपण उपासनेत ते अध्याय सहसा वाचत नाही कारण लेवीय म्हटलं की लोकांना झोप येते. लेवीय ५:१ मध्ये आहे की साक्ष द्यायला सांगितलेलं कानावर पडूनही, ज्याने पाहिलंय किंवा ज्याला माहीत आहे त्याने सांगितलं नाही तर दोष त्याच्याही माथी. नीतिसूत्रांच्या २९ व्या अध्यायात चोराच्या भागीदाराबद्दल तेच, ऐकतो पण बोलत नाही. तुम्ही भागीदार नाही आहात हो, मला माहीत आहे. पण चिठ्ठीवर अक्षर तुमचं आहे, आणि ते बघितल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य आता तुम्हाला म्हणता येत नाही, झोप उडालीय ती त्यामुळेच.

'त्यांच्यात हे चालतंच' या जाऊबाईंच्या वाक्यावर मी थोडी जास्त बोलणार आहे. तुम्ही ते पत्रात लिहिलंत पण त्यावर एक शब्द नाही बोललात, आणि 'सेटलमेंटकडचा, सगळ्यांचा संशय त्याच्यावर गेला' हे तर असं लिहिलंय की जसं पाऊस आला, छत्री उघडली.

सोलापुरात राहून आपल्याला हे माहीत नसावं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पुढे १९११ च्या कायद्याने तो सगळीकडे लागू करायची सोय झाली, म्हणजे काही जातींमध्ये जन्मलेला माणूस जन्मतःच गुन्हेगार धरायचा, त्याची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची, परवानगीशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. आपल्या शहरात तारेच्या कुंपणाआड अशी वसाहत होती, तिथली माणसं गिरण्यांमध्ये राबायला जायची आणि परत कुंपणात यायची, सेटलमेंट हे नाव तिथूनच पडलं. आणि काही वर्षं त्या वसाहतीचा कारभार बघत कोण होतं? अमेरिकन मराठी मिशन. आपलेच लोक, ज्यांच्या शाळांत आपले आजे-पणजे शिकले. त्यांनी तिथेही शाळा चालवली, कामाला लावलं, त्यात चांगल्या मनाची माणसं होती यात मला शंका नाही. पण आपण मिशनचा इतिहास सांगताना शाळा सांगतो, तार सांगत नाही. सरकारने कुंपण घातलं आणि किल्ली आपण सांभाळली, ख्रिस्ताच्या नावाने, सुधारणा म्हणून.

कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. इतकी वर्षं झाली तरी एका कारखान्यात तीन गठ्ठे कमी भरले की सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात, आणि एक प्रार्थना करणारी बाई खाटेखाली माल ठेवून म्हणते त्यांच्यात चालतंच. माल कोणाच्या खाटेखाली आहे? जाऊबाईंना हे भांडून सांगू नका, पण सांगा.

आता पोलीस. मिस्टरांचं 'पडू नको' मला कळतं, चौकीची पायरी कोणाला हवीय. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय आपल्याकडे सारखा ऐकवतात, अधिकारी देवाने नेमलेले, ते तलवार उगीच धरत नाहीत वगैरे. मी ते मानते. कायदा नको, पोलीस नकोत असं म्हणणारी मी नाही, रात्री-बेरात्री आपणच १०० नाहीतर ११२ लावतो. पण ज्या पौलाने ते लिहिलं त्यालाच फिलिप्पैमध्ये चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं होतं, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटून जा म्हणून निरोप पाठवला तेव्हा तो काय म्हणाला? आम्ही रोमी नागरिक, दोष ठरवल्याशिवाय उघडपणे मारलंत आणि आता चोरून घालवता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये आहे. अधिकाऱ्याचा मान ठेवणं आणि अधिकाऱ्याला त्याचाच नियम दाखवणं या दोन्ही गोष्टी त्या एकाच माणसाने केल्या.

मग आपल्याकडचा नियम काय आहे तर चौकशीत मारायचा अधिकार कुठल्याच पोलिसाला नाही. संशयिताला बोलवायचं तर लेखी नोटीस देऊन. अटक केली तर घरच्यांना कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, डी. के. बासू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९६ ला अटकेचे नियम बारीकसारीक लिहून दिलेत. आणि मारून कबूल करून घेतलं तरी पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन कायद्यातही आहे. गंमत बघा, १८७१ ला हेच सरकार म्हणतं माणूस जन्माने चोर असतो आणि दुसऱ्याच वर्षी म्हणतं पोलिसांसमोर घेतलेल्या कबुलीवर आमचा भरवसा नाही. त्या पोराच्या आईवडिलांना सांगा की कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे कारखान्यातल्या कामगाराला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना वकील फुकट मिळतो. त्यांच्या घरी स्वतः जाऊन सांगा, कोणाच्या हाती निरोप नको.

हवालदार साहेबांचं काय करायचं. मला त्यांचा राग नाही आला खरं सांगायचं तर, सवय बोलते माणसाची. गड्डा यात्रेचा बंदोबस्त, मिरवणुकांचा बंदोबस्त, सणावाराला घरी नाही, वरून साहेब विचारतात डिटेक्शन, म्हणजे गुन्ह्याचा छडा, का नाही, आणि मग जवळ जो गरीब सापडेल तो बाकावर बसतो. यातलं किती त्यांच्या हातात आहे मला माहीत नाही. पण 'थोडे पैसे लागतील' हे त्यांच्या हातात आहे. शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि आम्ही काय करावं म्हणून विचारलं तेव्हा तो नोकरी सोडा म्हणाला नाही, तो म्हणाला जुलूम करून पैसे काढू नका, खोटा आरोप करू नका, पगारात समाधानी राहा, लूक ३:१४. पोलिसासाठी यापेक्षा थेट वचन अख्ख्या बायबलमध्ये मला तरी सापडलं नाही. तुम्ही त्यांना एवढंच म्हणा की भाऊ, पैसे आम्ही देणार नाही, पण तपास करणाऱ्या साहेबांना भेटायला आमच्याबरोबर युनिफॉर्म न घालता मंडळीचा माणूस म्हणून याल का? आले तर बरंच. आणि परत पैशांचा विषय निघाला, मग ते कोणीही असो, तर लाचलुचपतवाल्यांचा १०६४ नंबर आहे.

पैसे दिले तर काय होईल तेही सांगते. फाईल मिटणार नाही, ती कोणाच्या तरी नावावर मिटेल. कोणाच्या ते तुम्हाला माहीत आहे.

आता संध्याकाळचं. दिराच्या घरी जाताना मिस्टरांना बरोबर न्या, येत नसतील तर एकट्या जा, पण दीर घरी असतील अशाच वेळी जा, कारण पत्रात तुम्ही दिराबद्दल एक ओळ लिहिलेली नाही आणि मला वाटतंय त्यांना हे सांगितलेलंच नाही अजून. पुतण्याला समोर बसवा. आरडाओरडा नको, शाप नकोत, 'तुझ्यामुळे मंडळीत तोंड दाखवायला जागा नाही' हे तर अजिबात नको कारण तो विषयच नाही. त्याला त्या पोराबद्दल सांगा. ओळखत असेलच तो त्याला, गठ्ठे टेम्पोत चढवायला मदत तोच करत असणार ना? गाल सुजलाय हे सांगा, किती दिवस बसवला सांगा, आणि मग गप्प बसा, त्याला बोलू द्या.

गठ्ठ्यांना कोणी हात लावायचा नाही. विकायचे नाहीत, दुसरीकडे हलवायचे नाहीत, चिठ्ठ्या फाडायच्या नाहीत, रात्रीत नेऊन गोडाऊनच्या गेटवर ठेवायचे नाहीत (हा विचार येणार, सगळ्यांनाच येतो). चोरीचा माल माहीत असून ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७, म्हणजे खाटेखाली चादर टाकून जाऊबाईपण त्यात येऊ शकतात, त्यांना हे समजलं तर रडणं थांबून डोकं चालायला लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी वकील गाठा. मी वकील नाही. फक्त काय विचारायचं ते सांगते: एफआयआर झालाय की नुसता तक्रार अर्ज आहे, कारण एफआयआर झाला असेल तर माल पंचनाम्यात यावा लागेल, परस्पर मालकाच्या हातात दिला की गुंता वाढतो. साध्या चोरीचं कलम ३०३, त्यात मालकाच्या संमतीने गुन्हा मिटवता येतो, ते कसं. आणि नवीन कायद्यात एक चांगली सोय आहे, माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि माल किंवा पैसे परत केले तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. पण तीन गठ्ठे टॉवेल पाच हजारांत बसतील असं मला वाटत नाही, स्टॉक लिहिणाऱ्या तुम्ही, तुम्हाला जास्त माहीत, म्हणून त्या आशेवर राहू नका.

वकिलाला घेऊन पुतण्याने स्वतः मालकांसमोर आणि मग पोलिसांसमोर जायचं. स्वतः. तुम्ही सोबत उभ्या राहा, बोलायचं त्याने.

पोलीस भरतीचं जाऊबाई म्हणतात ते खोटं नाही. चारित्र्य पडताळणी होते, केस असेल तर अडचण येणार, कदाचित हा रस्ता बंदच होईल, मी त्यांना खोटा दिलासा देणार नाही. पोरगा रोज पहाटे उठून १६०० मीटर पळतोय, गोळा फेकतोय, ते सगळं वाया जाणं आईला बघवत नाही हे कोणीही समजू शकेल. पण उलट बाजूने विचार करा की हे लपलं, तो भरती झाला, वर्दी मिळाली, आणि चार वर्षांनी त्याच्या समोरच्या बाकावर असाच कोणीतरी हेल्पर पोरगा आणून बसवला. हा कसा वागेल त्याच्याशी? खोटं पचलेला माणूस त्या खुर्चीत बसलेला मला तरी नकोय, आणि सोलापूरच्या पोलिसांनाही नको असेल. वीस वर्षांचा आहे तो, टेम्पो आहे, यंत्रमागावर काम आहे, शिकायचं वय आहे, पोट भरायचे रस्ते बंद झालेले नाहीत.

तो नाही म्हणाला तर? शक्यता आहे. दीर पण उलटू शकतात. तर मालकांना दिलेले दोन दिवस संपले की तुम्ही नाव सांगायचं, आणि घरच्यांना आधी बजावून सांगायचं, मागून नाही. यात किंमत आहे ताई. जाऊबाई बोलणार नाही, नाताळाला एकत्र जेवण होणार नाही, महिला मंडळात कुजबुज होईल, घरभेदी म्हणतील तुम्हाला, मिस्टरांशी पण काही दिवस ताणलेलं राहील. नोकरी मात्र जाणार नाही असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं. एवढं सगळं तुम्हाला सोसावं लागेल आणि पौलाचं ते सातवं वचन बसतं ते इथे.

पाळकसाहेबांना वेगळं भेटा. त्यांना दोष द्यायला नको, त्यांनी अर्धीच गोष्ट ऐकून सल्ला दिला असेल, त्या पोराबद्दल तुम्ही त्यांना सांगितलं होतं का? पत्रावरून तसं दिसत नाही. सांगा, आणि मग विचारा की पुतण्या जाईल त्या दिवशी तुम्ही सोबत येणार का. पाळक चौकीत आपल्या मेंढरासोबत बसलेला दिसला तर ते दोन प्रवचनांच्या बरोबरीचं आहे, माझं मत.

राहता राहिली भरपाई, आणि यात लोक फसतात, माल परत दिला म्हणजे झालं असं समजतात. लेवीयच्या सहाव्या अध्यायात आहे की चोरलेलं परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि त्यानंतर देवाकडे अर्पण घेऊन यायचं, आधी नाही. नव्या करारातला जकातदार जक्कय तर चौपट देतो म्हणाला. मालकाला टॉवेल मिळाले, त्याचं भागलं, पण जे दिवस तो हेल्पर चौकीत बसून होता त्या दिवसांचे खाडे पडले असतील ना? हजेरी रजिस्टर तुमच्याच टेबलावर असेल, किती खाडे लागले बघा, मजुरी किती कापली बघा, तेवढे पैसे आणि गालाच्या औषधपाण्याचे पुतण्याने टेम्पोच्या पगारातून द्यायचे, दिरांनी खिशातून काढून द्यायचे नाहीत. आणि माफी मागायची ती त्या पोराच्या घरी जाऊन एकदा, आणि कारखान्यात पगार वाटायच्या दिवशी पॅकिंगवाले सगळे हजर असताना एकदा, कारण संशय सगळ्यांसमोर घेतला होता. मालकांना आधी विचारून घ्या, ते नको म्हणाले तर निदान नोटीस बोर्डावर दोन ओळी लावा म्हणावं की चोरी त्याने केलेली नव्हती, खाली मालकांची सही पाहिजे.